गव्हाणीतले लोखंड

साखर कारखान्याच्या जवळ राहणाऱ्या माणसाच्या कानात हंगामभर एक घरघर मुरलेली असते. दिवाळीच्या सुमारास ती सुरू होते आणि उन्हाळा लागेपर्यंत रात्रंदिवस चालते. आठ-पंधरा दिवसांत ती ऐकू येईनाशी होते. मात्र मध्यरात्री एकाएकी थांबली, तर झोपलेली माणसे उठून बसतात. ‘मिल उभी राहिली वाटतं,’ असे अंधारातच कुणीतरी म्हणते.

मिल उभी राहण्याची, म्हणजे बंद पडण्याची, कारणे पुष्कळ असतात. त्यातले एक मला सर्वांत विलक्षण वाटते : शेकडो टन उसातून आलेला, मुठीत मावेल एवढा लोखंडाचा तुकडा.

हंगामाच्या पहिल्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते जिच्यात मोळी टाकतात, ती गव्हाण. नाव गोठ्यातून आलेले आहे. गुरांपुढे चारा टाकायची जागा ती गव्हाण, आणि कारखान्यापुढे ऊस टाकायची जागाही गव्हाणच. प्रत्यक्षात तो पोलादी पाट्यांचा, साखळ्यांवर सरकणारा रुंद रस्ता असतो. ऊस त्यावरून आधी फिरत्या सुऱ्यांखाली जातो, मग फायबरायझरमध्ये. तिथे जड हातोड्यांचा रोटर कांड्यांचा पार भुगा करून टाकतो. रोटर दीड मीटर व्यासाचा असेल आणि मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर हातोड्याचे टोक ताशी सुमारे २८० किलोमीटर वेगाने फिरते. तिथून पुढे हा भुगा एकामागोमाग लावलेल्या चार ते सहा मिलमधून पिळला जातो. प्रत्येक मिलमध्ये तीन मोठे रोलर असतात.

उसाबरोबर आणखी काय काय येते? कोयता येतो. टायरगाडीची खीळ, ट्रॅक्टर-ट्रॉलीची पिन, साखळीची कडी, ट्रकमधून ऊस खाली ओढायच्या वायररोपचा तुटका पदर, बैलाच्या खुराची पत्री. हार्वेस्टर आल्यापासून त्याची तुटलेली पातीही येतात. यात कारखान्याचे स्वतःचे लोखंडही असते, हे मुद्दाम सांगायला हवे. पाट्यांचे ढिले झालेले बोल्ट, सुरीचा उडालेला तुकडा, हंगामाआधीच्या दुरुस्तीत राहून गेलेली नट, वेल्डिंगच्या कांड्यांची थोटके. लोखंड सापडले की पहिले बोट तोडणी टोळीकडे जाते. मला ते अन्यायाचे वाटते. ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. उचल त्या हिशेबाने ठरते, टोळी त्या हिशेबाने मोजतात. ज्या अवजारावरून माणसांनाच नाव पडले आहे, ते मोळीत राहून गेले तर पहिले नुकसान त्या जोडीचेच होते. रात्री गाडी भरताना अंधारात ते घडते, मुद्दाम कुणी करत नाही.

आता नुकसानीचे पाहू. रोलरचे कवच जाड दाण्याच्या बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असते. बीडच का? कारण त्याचा खडबडीत पृष्ठभाग उसाचा चोथा धरून आत ओढतो, गुळगुळीत पोलादावरून तो घसरेल. पण बीड ठिसूळ असते. वरच्या रोलरवर हायड्रॉलिक दाब असतो, त्यामुळे जाड थर आला की तो थोडा उचलला जातो आणि पुन्हा बसतो. चोथ्यासाठी ही सोय पुरते. कठीण पोलादाचा तुकडा दोन रोलरच्या दातांमध्ये आला, की रोलर उचलला जायच्या आधीच दात तुटतो. तुटलेल्या दाताच्या जागी चोथा नीट पिळला जात नाही, रस त्यातच राहतो आणि चोथ्याबरोबर बॉयलरमध्ये जळतो. मिल बंद पडली तर हिशेब आणखी मोठा. दिवसाला ५००० टन गाळणाऱ्या कारखान्यात तासाला २०८ टन ऊस लागतो. सहा तासांच्या खोळंब्यात साडेबाराशे टन ऊस वाहनांतच अडकतो. तोडलेल्या उसातली साखर तशीच थांबत नाही, तिचे विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बनू लागते. ऊस वाळतो, वजन घटते. आणि वाहनतळावर जू मानेवर घेतलेले बैल उभे असतात.

मग वर एक मोठा चुंबक टांगला की झाले, असे कुणालाही वाटेल. टांगलेले असतातही. फायबरायझरनंतरच्या पट्ट्यावर, थर पातळ होतो त्या ठिकाणी, भला थोरला विद्युतचुंबक लावलेला अनेक कारखान्यांत दिसतो. पण चुंबक ओढतो कसा, हे समजल्याशिवाय त्याची मर्यादा कळत नाही.

होकायंत्राची सुई आठवा. पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे ती उत्तरेकडे वळते, पण होकायंत्र टेबलावरून उत्तरेकडे सरकत नाही. सुईच्या दोन्ही टोकांवर सारखीच, पण उलट दिशेची ओढ असते. सुई वळते आणि थांबते. वस्तू प्रत्यक्ष खेचली जायची असेल, तर चुंबकत्व नुसते असून भागत नाही, ते एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असावे लागते. चुंबकाजवळ हा उतार तीव्र असतो. दूर गेले की चुंबकत्वही घटते आणि उतारही. ओढ या दोन्हींच्या गुणाकारावर ठरते, म्हणून अंतर थोडे वाढले तरी ती झपाट्याने कोसळते. थराच्या तळाशी असलेल्या नटला वर यायचे असते, ते स्वतःचे वजन आणि वरचा ओला चोथा यांच्याविरुद्ध, आणि तेही पट्टा चुंबकाखालून निघून जायच्या आत.

आकाराचाही प्रश्न आहे. लांबट वस्तू सहज चुंबकित होते, गोल वस्तू होत नाही. सळईचा तुकडा पटकन उडी मारतो, त्याच वजनाची गोळी मात्र तळाशीच बसून राहते. आणखी एक गोष्ट म्हणजे, विद्युतचुंबकाची तांब्याची गुंडाळी तापते. तापमान ७० अंशांनी वाढले, तर तांब्याचा रोध पावपटीहून थोडा जास्तच वाढतो. विजेचा दाब तोच राहिला तर प्रवाह सुमारे २० टक्क्यांनी घटतो. सकाळी थंड असताना उचललेला तुकडा दुपारी उचलला जाईलच असे नाही. म्हणून अशा चुंबकांना तेलाने थंड ठेवायची सोय करतात.

सर्वांत मोठी मर्यादा वेगळीच आहे. पितळ, गनमेटल, ॲल्युमिनियम, बरेचसे स्टेनलेस स्टील यांना चुंबक हातही लावत नाही. दगडखाणीतल्या क्रशरमध्ये तर ही अडचण जास्तच टोचते. रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ मध्ये मँगनीजचे प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास असलेले पोलाद बनवले. मार बसेल तसे ते आणखी कठीण होत जाते, म्हणून क्रशरचे जबडे त्याचे करतात. पण ते चुंबकाला चिकटत नाही. सर्वांत घातक तुकडाच चुंबकाच्या नजरेतून सुटतो.

इथे धातू हुडकणारा शोधक, म्हणजे मेटल डिटेक्टर, कामाला येतो, आणि त्याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट एका आजाऱ्याच्या खाटेशी घडली आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात नेमकी कुठे अडकली हे डॉक्टरांना कळेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती. गोळी शिशाची, म्हणजे चुंबकाचा उपयोग नाही. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल पुढे आला. त्याने तारेच्या गुंडाळ्या अशा रचल्या, की एकीतल्या बदलत्या प्रवाहाचा परिणाम दुसरीत शून्य व्हावा आणि टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये शांतता राहावी. जवळ धातू आला की तोल बिघडतो आणि आवाज येतो. जुन्या युद्धात गोळ्या लागलेल्या सैनिकांवर त्याने ते तपासून पाहिले, ते चालले. अध्यक्षांवर मात्र चालले नाही. गोळी बरीच खोल होती, शोध घेतला तो भलत्याच बाजूला, आणि गादीखाली पोलादी तारा होत्या. त्या तारांनी सगळा गोंधळ केला. १९ सप्टेंबरला गारफिल्ड यांचे निधन झाले.

आजच्या पट्ट्यावरचा शोधक याच कल्पनेवर चालतो. एक गुंडाळी बदलते चुंबकीय क्षेत्र तयार करते. त्यातून धातू गेला की धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि दुसऱ्या गुंडाळीला तो बदल जाणवतो. धातू चुंबकाला चिकटणारा असायची गरज नाही, वीज वाहून नेणारा असला की पुरे. पण हाक आणि प्रतिसाद, दोन्ही अंतराने क्षीण होतात. गुंडाळीपासून बऱ्याच दूरच्या लहान तुकड्यासाठी अंतर दुप्पट केले, तर संकेत चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. उंच थरासाठी पट्ट्याभोवतीची गुंडाळ्यांची कमान उंच करावी लागते, आणि कमान उंच केली की लहान तुकडे निसटतात.

ऊस हा शोधकासाठी तसा त्रासदायक माल आहे. रसात पोटॅशियमसारखे क्षार असतात, म्हणून ओला ऊस थोडी वीज वाहतो. प्रत्येक कांडे थोडेसे धातूसारखे वागते. शोधकाची वारंवारता कमी ठेवली तर हा गोंगाट दबतो. शिवाय लोखंड आणि ओला माल यांचे संकेत वेगवेगळ्या तालावर येतात, ते वेगळे काढता येतात. कोळशाच्या किंवा खडीच्या पट्ट्यावर एवढा व्याप नसतो.

आता बेलच्या खाटेकडे परत येऊ. गव्हाण पोलादी पाट्यांची असते. शोधकासाठी ती त्या तारांच्या गादीहून वाईट, कारण ती अख्खीच धातूची आणि वर सतत सरकणारी. म्हणून शोधक रबरी पट्ट्याभोवतीच बसवावा लागतो, आणि कमानीच्या आगेमागे पट्ट्याखालचे आधारही बिनधातूचे करावे लागतात. पट्टा जोडायला धातूच्या क्लिपा मारल्या असतील, तर दर फेरीला तो जोड इशारा देतो. रबर तापवून केलेला सांधा त्यासाठी बरा. क्लिपा असतीलच, तर ‘आता येतेय ती क्लिप, दुर्लक्ष कर’ असे सांगणारी वेगळी कळ बसवतात. खोट्या इशाऱ्यांना वैतागून ऑपरेटर संवेदनशीलता खाली आणतो आणि मग यंत्र नुसते टांगलेले राहते. याबद्दल ऑपरेटरला बोलणे सोपे आहे. मला दोष पट्ट्याच्या जोडात दिसतो.

इशारा मिळाला तरी पट्टा जागच्या जागी थांबत नाही. सेकंदाला दोन मीटर वेगाचा पट्टा तीन सेकंदांत सारखा मंदावत थांबला, तरी तीन मीटर पुढे जातो. म्हणून शोधक मिलच्या तोंडापासून तेवढ्याहून बराच मागे हवा. लोखंड होते त्या जागी थरावर खूण पडेल अशीही सोय करतात, रंगाची फवारणी किंवा वरून टाकलेला झेंडा. नाहीतर माणसे चोथा उपसत राहतात.

पण या सगळ्या व्यवस्थेत एक गाठ आहे, आणि ती मला पूर्ण सुटलेली दिसत नाही. लोखंड सहज सापडते ते फायबरायझरनंतर, थर पातळ आणि पट्टा रबरी असतो तिथे. म्हणजे मिलचे रोलर वाचतात, पण ताशी २८० किलोमीटरने फिरणारे हातोडे आणि त्याआधीच्या सुऱ्या नाही. त्यांच्या आधी ऊस अख्खा, एकात एक गुंतलेला आणि पोलादी गव्हाणीवर असतो. तिथे चुंबक पोचत नाही आणि शोधक आंधळा असतो. सुऱ्यांच्या आधी रबरी पट्टा टाकायचा म्हटले, तर अख्ख्या उसाच्या ढिगाचे वजन आणि मार त्याने सोसायला हवा. मग उरतो तो मोळी बांधतानाचा आणि गाडी भरतानाचा उजेड. फडाच्या बांधावर, रात्रीच्या भरणीला, एक चांगला दिवा आणि कोयता अडकवायला ठरलेली जागा. त्याचा खर्च एका रोलरच्या दुरुस्तीपुढे किरकोळ आहे, आणि तो टोळीच्या डोक्यावर टाकू नये.

चुंबकाला चिकटलेले लोखंड ज्या पेटीत पडते, ती एकदा मी पाहिली होती. पाळी संपताना फिटरने ती जमिनीवर ओतली आणि पायाने तुकडे वेगवेगळे केले. ‘हे आपलं,’ म्हणत त्याने डाव्या बाजूला चार बोल्ट आणि पाटीचा एक वाकडा कोपरा सारला. ‘हे गाड्यांचं,’ म्हणत कड्या आणि पिना मधे. उजवीकडे एकच वस्तू ठेवली. मूठ गेलेले, चोथ्याने माखलेले कोयत्याचे पाते. डाव्या बाजूचा ढीग सर्वांत मोठा होता. त्याने वही काढली, बोल्टांचे माप लिहिले आणि कुठल्या पाटीचे ते असतील हे पाहायला गव्हाणीच्या दिशेने निघून गेला.