रफिंग गाउज घेताना त्याची शेपटी बघा

मोबाइलवर सध्या लाकूड कातायच्या लेथचे व्हिडिओ पोत्याने येतात. त्यातल्या एका प्रकाराने माझं डोकं फिरतं. लेथवर आंब्याचा गोल ठोकळा बांधलेला, समोर रुंद, दणकट रफिंग गाउज, म्हणजे पन्हळीसारखी खोलगट पटाशी, घेतलेला गृहस्थ, आणि वाडगा कोरायचं काम जोरात चालू. खाली टाळ्यांचा पाऊस. 'एवढं जाड हत्यार, त्याला काय होणार?' असं पाहणाऱ्याला वाटतं, आणि दुकानदारही तेच सांगतो, "काका, हेवी ड्युटी आहे, काहीही करा याच्यावर." काहीही करायचं नसतं. ते का, हे कळलं की कोणता गाउज घ्यावा याचं निम्मं उत्तर हाती येतं.

नाशकात या हौसेला दोन गोष्टी पूरक आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लोखंडाच्या लेथवर हात बसलेली माणसं इथे घरोघरी आहेत, आणि जुने वाडे पाडले की सागवानी खांब, तुळया विकायला निघतात. पण लोखंडाच्या लेथची सवय इथे थोडी दगा देते. तिथे टूल पोस्टमध्ये टूल आवळलं की विषय संपला. लाकडाच्या लेथवर टूल रेस्ट, म्हणजे समोरची आडवी पट्टी, फक्त टेकू देते. हत्यार धरून ठेवायचं ते आपल्या हातांनी.

रफिंग गाउजचं काम एकच: दोन सेंटरमध्ये, म्हणजे लेथच्या दोन टोकांच्या अणींमध्ये, धरलेला चौकोनी ठोकळा गोल करणं. पलंगाचा पाय, कठड्याचे गज, लाटणं, सगळ्याची सुरुवात इथून. ५० मिलिमीटरचा चौकोन घेतला तर मध्यापासून बाजू २५ मिलिमीटरवर आणि कोपरा ३५ मिलिमीटरच्या थोडा पुढे. गोल होईपर्यंत साडेएकवीस टक्के लाकूड ढलप्या होऊन खाली पडतं. मिनिटाला १००० फेरे असतील तर सुरुवातीला धारेवर मिनिटाला ४००० कोपरे आपटतात, म्हणजे सेकंदाला ६७. हा मार खाता यावा म्हणून गाउजची धार साधारण ४५ अंशांची, जाडसर ठेवतात.

आता गाउज हातात घ्या. पुढे यू आकाराची खोल पन्हळ, भिंती सगळीकडे सारख्या जाडीच्या. बहुतेक रफिंग गाउज सपाट पट्टी तापवून, ठोकून वाकवलेले असतात. पण मूठ सैल करून काढा, म्हणजे खरा प्रकार दिसेल. ३२ मिलिमीटर रुंदीचं ते भारदस्त पातं पितळी कडीच्या आत जाताना एकदम निमुळतं होतं आणि लाकडी मुठीत शिरते ती जेमतेम बोटाच्या पेराएवढी रुंद, चपटी शेपटी. सगळा भार शेवटी तिच्यावर.

वाकवणाऱ्या बळाला किती दाद द्यायची, हे पोलादाच्या वजनावर ठरत नाही, छेदाच्या आकारावर ठरतं. आयताकृती छेदासाठी रुंदी गुणिले जाडीचा वर्ग भागिले सहा. गोल सळईसाठी व्यासाचा घन गुणिले पाय (३.१४), भागिले ३२. उदाहरणाला १० मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड शेपटी घेऊ: १० गुणिले ३६ भागिले ६, म्हणजे ६० घन मिलिमीटर. वाडग्यासाठीचा बोल गाउज मुळात गोल सळईचा असतो. पन्हळ पुढच्या भागातच कोरलेली, मुठीत जाणारा भाग पूर्ण भरीव. १६ मिलिमीटरच्या सळईला हाच आकडा येतो ४०२. पुढून रफिंग गाउज कितीही दांडगा दिसो, मुठीपाशी तो बोल गाउजच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास आहे.

दोन सेंटरमधल्या कामात हे खपून जातं, कारण टूल रेस्ट लाकडाला खेटून ठेवता येते. समजा टोकावर १५ किलोचा, म्हणजे सुमारे १५० न्यूटनचा भार आहे आणि टोक रेस्टच्या २० मिलिमीटर पुढे आहे. रेस्टवर वाकवणारं आघूर्ण, म्हणजे बळ गुणिले अंतर, ३ न्यूटन-मीटर. वाडग्याच्या पोटात शिरलं की रेस्ट मागे राहते आणि टोक सहज १०० मिलिमीटर पुढे जातं. तोच भार, पण आघूर्ण १५ न्यूटन-मीटर. रेस्टपासून हातापर्यंत ते सरळ रेषेत कमी होत जातं. शेपटी मधोमध असेल तर तिच्या वाट्याला साडेसात येतं. त्याला छेदाच्या वरच्या आकड्याने भागलं की शेपटीत ताण १२५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, १६ मिलिमीटरच्या भरीव सळईत फक्त १९.

१२५ ने काही मोडत नाही, हे खरं. पण वाडग्याच्या ठोकळ्यात तंतू लेथच्या अक्षाला काटकोनात असतात. प्रत्येक फेऱ्यात धारेखाली दोनदा तंतूंची आडवी कूस येते आणि दोनदा त्यांची कापलेली टोकं. १००० फेऱ्यांना मिनिटात २००० वेळा टोकं समोर येणार. त्यात रफिंग गाउजची धार सरळ कापलेली, दोन्ही बाजूंना टोकदार कोपरे. वाडग्याच्या अंतर्गोल भिंतीत त्यातला एक कोपरा रुतायला हात नखभर वळणं पुरतं. रुतला की ठोकळा जागच्या जागी थांबू पाहतो. मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची असली तरी दिलासा नाही, कारण झटका देतो तो फिरणारा ठोकळा. साडेतीन किलोचा, २५० मिलिमीटर व्यासाचा ठोकळा १००० फेऱ्यांवर सुमारे १५० जूल ऊर्जा बाळगून असतो. १५ किलोचं वजन एक मीटरवरून सोडलं तर एवढी ऊर्जा मिळते. भार क्षणभर पाचपट झाला तरी शेपटीतला ताण ६२५ वर जातो. घराच्या स्लॅबमध्ये घालतात त्या सळईच्या नावात '५००' असतं ना, तो ती कायमची वाकण्याचा ताण, याच एककात. शिवाय रुंद पातं जिथे एकदम अरुंद होतं, त्या खांद्याच्या कोपऱ्यात ताण आणखी एकवटतो. म्हणून शेपट्या तिथेच तुटतात, आणि तुटलेलं पातं कुठे जाईल ते सांगता येत नाही.

तेव्हा दुकानात आधी शेपटीची रुंदी आणि जाडी विचारा. तीन मिलिमीटरची सहा झाली तर ताकद चौपट, कारण जाडीचा वर्ग आहे. पात्याचा खांदा काटकोनात कापलेला नको, गोलाई देऊन उतरलेला हवा. काही कारागीर शेपटीऐवजी जाड दांडा ठेवतात. तो मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्यावा. आणि यातलं काहीही मिळालं तरी वाडग्याला हा गाउज लावायचा नाही. जाड दांड्याने शेपटीचा प्रश्न सुटतो, कोपऱ्यांचा तसाच राहतो.

रुंदी मोटरवर ठरवावी. अर्धा हॉर्सपॉवर म्हणजे ३७३ वॉट. ५० मिलिमीटर व्यासाच्या लाकडाचा पृष्ठभाग १००० फेऱ्यांवर सेकंदाला २.६ मीटर धावतो. भागाकार केला तर धारेला सतत मिळू शकणारं बळ १४३ न्यूटन, तेही पट्ट्यात काही वाया जात नाही असं धरून. ३२ मिलिमीटरच्या गाउजने रुंद ढलपी काढायला गेलात तर छोट्या लेथचा पट्टा घसरतो आणि माणूस लेथला शिव्या देतो. अशा लेथला १९-२० मिलिमीटरचा गाउज भरपूर झाला.

पन्हळ खोल यू घ्यावी की उथळ? माझं मत खोलच्या बाजूने. दोन्ही बाजूंच्या भिंती सरळ असल्या की त्यांची धार तिरकी धरून लाकूड गुळगुळीत सोलता येतं. तिरकी धरल्याने ४५ अंशांची धार लाकडाला बारीक वाटते. कसारा घाटात रस्ता डोंगर तिरपा कापत चढतो म्हणून चढ सौम्य लागतो, तसंच हे, सूत्रसुद्धा तेच. धार ६० अंश तिरकी केली तर ४५ चा टॅन्जंट १ आणि ६० चा कोसाइन अर्धा, गुणाकार ०.५, म्हणजे सुमारे २७ अंश. जाड धारेची मजबुती तशीच राहून काप मात्र पातळ धारेचा मिळतो. (गणिताचा कंटाळा असणाऱ्यांनी तिरकं धरा एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.)

पोलादाबद्दल फार बोलत नाही. जाहिरातींनी तो विषय पुरेसा बडवला आहे. हायस्पीड स्टील घ्या. सागात सिलिका असते, ती साध्या कार्बन स्टीलची धार लवकर खाते. साध्या पोलादाची धार ग्राइंडरवर निळी झाली, म्हणजे ३०० अंशांच्या आसपास गेली, की तिचं पाणी उतरलं. हायस्पीड स्टीलला मुळात ५५० अंशांच्या आसपास टेम्पर केलेलं, म्हणजे कडक केल्यावर पुन्हा तापवलेलं असतं, त्यामुळे त्याला तो निळा रंग चढला तरी बिघडत नाही. टेलर आणि व्हाइट यांचं हे पोलाद १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टोक लाल झालेलं असताना लोखंड कापत होतं. फक्त ते तापल्यावर पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात. सोनेरी मुलामा दिलेले गाउज 'धार जातच नाही' म्हणून विकतात. तो मुलामा बाहेरच्या उतारावरून पहिल्या घासणीतच निघतो. पन्हळीत राहतो तेवढ्याला दुप्पट पैसे द्यायचे का, ते ज्याचं त्याने ठरवावं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा मीही करतो, पण लेथला लिंबू-मिरची टांगून चेहऱ्यावर साधी शील्डही न लावणारे भेटतात तेव्हा काय बोलावं कळत नाही.

राहिला स्वस्तातला मार्ग: जुन्या कानशीचा गाउज. कानस कडक असते, पण तितकीच ठिसूळ. एका झटक्यात काचेगत तुटते, वाकून इशाराही देत नाही. लोहाराकडून करून घ्यायचाच असेल तर त्याला ट्रकची कमानपट्टी द्या. ते पोलाद लवचिक असतं, आणि शेपटी हवी तेवढी जाड ठेवायला सांगता येते. धार थोडी लवकर जाईल, दर तासाला दगडावर घासावी लागेल.