घरगुती नेटवर्कवरील फाइल शेअरिंग : अडचणी व निवारण

घरातल्या एकाच राउटरला जोडलेल्या संगणकांनी एकमेकांच्या डिस्कवरचे फोल्डर थेट उघडणे म्हणजे फाइल शेअरिंग. त्याला इंटरनेट लागत नाही. बाहेरची फायबर तुटली तरी घरातल्या घरात फायली जाऊ शकतात. पुण्यात सदाशिव, नारायण या पेठांमध्ये घरातूनच चालणारी डीटीपीची (संगणकावर मजकुराची जुळणी करण्याची) आणि हिशेबनिसांची कामे बरीचशी यावर अवलंबून असतात. खराडी-हिंजवडीच्या आयटी नोकरदाराने घरी आणलेला कंपनीचा लॅपटॉप मात्र या हिशेबातून वगळलेला बरा. कंपनीच्या धोरणामुळे त्याचे शेअरिंग बहुधा बंदच असते आणि व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारी खासगी वाट) चालू असताना त्याला शेजारच्या टेबलावरचा प्रिंटरही सापडत नाही.

विंडोजमध्ये हे काम एसएमबी या प्रोटोकॉलवर, म्हणजे यंत्रांमधल्या देवाणघेवाणीच्या नियमांवर, पोर्ट ४४५ (त्यासाठीचे क्रमांकाचे दार) वरून चालते. १९८०च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तो रचला. लिनक्सवर हेच काम करणारी सांबा ही प्रणाली ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांची. शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरे असलेले शब्द शोधताना त्यांना हे नाव सापडले.

तक्रार बहुतेक वेळा ‘शेअरिंग चालत नाही’ एवढीच असते. पण संगणक दिसत नाही आणि फोल्डर उघडत नाही, ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

न दिसणे हे त्यातले किरकोळ. विंडोजची ‘नेटवर्क’ ही खिडकी शेजारच्या यंत्रांनी स्वतःहून दिलेल्या हाळीवर भरते. हाळी देणारी सेवा बंद असली, किंवा वाय-फाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदले गेले असले, की ती रिकामी राहते. ‘पब्लिक’मध्ये फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या रोखणारा विंडोजचा पहारेकरी, शेअरिंगही अडवतो, म्हणून घरचे वाय-फाय ‘प्रायव्हेट’ करावे. मग खिडकीवर न विसंबता ॲड्रेस बारमध्ये दोन बॅकस्लॅश देऊन समोरच्या यंत्राचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) टाकावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. फोल्डर दिसले तर नेटवर्क ठणठणीत आहे. पिंगला (यंत्र हाकेला ओ देते का हे पाहणाऱ्या आज्ञेला) उत्तर आले नाही म्हणून मात्र घाबरू नये. विंडोजचा फायरवॉल पिंगही अडवू शकतो.

हा पत्ता कायमचा नसतो. पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची जुनी रीत आहे. वीज आल्यावर राउटर नव्याने पत्ते वाटतो, आणि बुधवारपर्यंत नीट चालणारा शॉर्टकट शुक्रवारी भलत्याच यंत्राकडे बोट दाखवतो. राउटरच्या सेटिंगमध्ये त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवला की हा खेळ थांबतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. तिथे आधी केबल पाहावी.

दारापाशी इंटरनेट सेवादात्याचा राउटर-डबा आणि आतल्या खोलीत स्वतःचा राउटर, ही मांडणी विशेष त्रासाची. वाड्यांच्या जाड भिंतींतून वाय-फाय पोचत नाही म्हणून दुसरा राउटर येतो आणि घरात नकळत दोन नेटवर्क तयार होतात. आतल्या राउटरवरचा संगणक बाहेरच्याचे फोल्डर उघडू शकतो, उलट मात्र जमत नाही. असा एकतर्फी व्यवहार दिसला की ओळखावे. दुसऱ्या राउटरची पत्ते वाटण्याची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद करून केबल ‘वॅन’ (बाहेरच्या इंटरनेटच्या) ऐवजी ‘लॅन’ (घरातल्या यंत्रांच्या) खोबणीत लावावी. गेस्ट वाय-फायवर तर यंत्रे एकमेकांपासून मुद्दाम तोडलेली असतात.

खरे घोळ न उघडण्यात आहेत. कमांड खिडकीतून ‘नेट यूज’ ही शेअर जोडण्याची आज्ञा चालवल्यावर त्रुटी ५३ आली तर वाट सापडलेली नाही. त्रुटी ५ आली तर वाट सापडली, पण आत घेतलेले नाही. मागितलेले नाव-पासवर्ड कोणाचे, इथेच गाडी अडते. आजोबांच्या संगणकावरचा फोल्डर हवा असेल तर आजोबांच्या संगणकावरचेच खाते लागते, आपले नव्हे. रोजचा चार आकडी पिन चालत नाही, कारण तो त्याच यंत्रापुरता असतो. मायक्रोसॉफ्ट खाते असेल तर पूर्ण ईमेल आणि त्याचा पासवर्ड द्यावा लागतो. पासवर्डच नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून प्रवेश देत नाही. म्हणून शेअरिंगसाठी पासवर्ड असलेले वेगळे स्थानिक खाते काढावे, हे सगळ्यांत कमी डोकेदुखीचे. शिवाय परवानग्या दोन ठिकाणी असतात, शेअरवर आणि फोल्डरच्या ‘सिक्युरिटी’मध्ये, दोन्हींतली जी कडक, ती लागू होते. जुना पासवर्ड ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये साठून राहिला असेल तर तो आधी पुसावा.

डीटीपीवाल्यांची अडचण निराळी. जुन्या फाँटच्या आणि त्यांच्या डाँगलच्या (परवान्याची किल्ली म्हणून लावायच्या छोट्या उपकरणाच्या) पायी विंडोज एक्सपीचे यंत्र अनेकांना सोडवत नाही. एक्सपीला फक्त एसएमबी-१, म्हणजे एसएमबीची सर्वांत जुनी आवृत्ती, येते, आणि विंडोज १० च्या २०१७च्या शरद-आवृत्तीपासून ते नव्या यंत्रांवर मुळात बसवलेले नसते. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने त्यातल्याच फटीतून धुमाकूळ घातला होता. नव्या यंत्रावर एसएमबी-१ चालू करण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण तो घेऊ नये. एक्सपीचे इंटरनेट तोडून पेन ड्राइव्हने फायली नेणे कंटाळवाणे असले तरी बरे. विंडोज ११ च्या २०२४च्या आवृत्तीने एसएमबीच्या प्रत्येक निरोपावर डिजिटल सहीची सक्ती आणल्यावर पासवर्डाविना चालणाऱ्या काही जुन्या नेटवर्क-डिस्कही अशाच रुसल्या. तिथे त्या डिस्कवरच नाव-पासवर्ड लावावा.

फोल्डर उघडतो पण वेग सेकंदाला ११ एमबीच्या (मेगाबाइटच्या) आसपास अडकतो, तेव्हा जोड १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिटांचा) आहे असे समजावे. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातल्या तपकीर गल्लीतून आणलेल्या केबलच्या आठ तारांपैकी चारच टोकाला बसवलेल्या असतील, तरी असेच होते.