केल्टिक हार्प

आयर्लंड, स्कॉटलंड आणि फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातले, खांद्याला टेकवून दोन्ही हातांच्या बोटांनी छेडायचे त्रिकोणी तंतुवाद्य. मध्ययुगीन वातावरण आणि अद्भुतकथांकडे ओढा असलेल्या आजच्या केल्टिक लोकसंगीताची ओळखच या वाद्याने झाली आहे. मात्र या संगीतात ऐकू येणारा मऊ, स्वप्नाळू नाद मध्ययुगातला नव्हे. तो एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत घडला, आणि जुना नाद त्याहून फार वेगळा होता.

जुन्या गेलिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडच्या, हार्पचा पेटारा विलो झाडाचे एकच खोड कोरून करत आणि त्यावर धातूच्या, बहुधा पितळेच्या, तारा चढवत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जपलेला हार्प अकराव्या शतकातल्या ब्रायन बोरू राजाचा म्हणून सांगितला जातो, पण तो राजा १०१४ मध्येच मारला गेला आणि वाद्य त्यानंतर काही शतकांनी बनलेले आहे. आयर्लंडच्या राजमुद्रेवर आणि युरो नाण्यांवर दिसतो तो हाच हार्प. तारा वाढवलेल्या नखांनी छेडत. पितळेची तार स्वरमंडळासारखी बराच वेळ घुमत राहते, त्यामुळे नको ते स्वर बोटाने वेळीच दाबून थांबवणे हे वादकाचे खरे कसब होते. मधल्या पट्टीत दोन तारा एकाच स्वरात जुळवलेल्या असत. त्यांना ‘बहिणी’ म्हणत.

गेलिक सरदारांच्या दरबारात हार्पवादकाला मोठा मान होता. १६०७ मध्ये उत्तर आयर्लंडातल्या अल्स्टर प्रांताचे प्रमुख सरदार देश सोडून गेले, आश्रय आटला आणि वादक गावोगाव फिरू लागले. देवीच्या साथीत दृष्टी गेलेला टर्लो ओ'कॅरोलन (१६७०–१७३८) हा त्यांतला सर्वांत नामवंत; त्याच्या दोनशेहून अधिक रचना आजही वाजतात.

जुलै १७९२ मध्ये बेलफास्टला उरल्यासुरल्या वादकांचा मेळा भरला. आयर्लंडचे १० आणि वेल्सचा एक, एवढेच जण आले. त्यांच्या सुरावटी लिहून घेण्याचे काम एडवर्ड बंटिंग या १९ वर्षांच्या ऑर्गनवादकाकडे दिले होते. ९७ वर्षांचे डेनिस हेम्पसन त्या मेळ्यात एकटेच जुन्या पद्धतीने, लांब नखांनी वाजवत होते. बंटिंगने पुढे या सुरावटी पियानोसाठी बेतून छापल्या आणि त्यात हार्पचा बाज बराच पुसला गेला. सुदैवाने त्याच्या हस्तलिखित वह्या बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात शाबूत आहेत. त्या नसत्या तर ही परंपरा हरवून गेली असती.

नव्या नादाची सुरुवात एकोणिसाव्या शतकात जॉन ईगनने डब्लिनमध्ये तातीच्या (आतड्याच्या) तारांचे छोटे हार्प केले तेव्हा झाली. पण त्याला जगभर श्रोते मिळाले ते ब्रिटनीमुळे. झोर्ड कोशव्हेलू यांनी १९५३ मध्ये ब्रेटन, म्हणजे ब्रिटनीचा, हार्प नव्याने घडवला. त्यांचा मुलगा अॅलन स्टिव्हेल याच्या १९७१ च्या ध्वनिमुद्रिकेने आणि पुढच्या वर्षीच्या पॅरिसमधल्या ऑलिंपिया सभागृहातल्या मैफलीने केल्टिक संगीताची लाट उसळली. कॅनडाच्या लोरीना मॅकेनिट यांनी हार्पच्या साथीने टेनिसन आणि येट्सच्या कविता गायल्या आणि या संगीताला कथनाची जोड दिली.

यातली अद्भुतता उसनी मात्र नाही. आयरिश पुराणकथेत दाग्दा देवाचा हार्प शत्रू पळवतात. दाग्दा हाक मारतो, तसा तो भिंतीवरून झेपावत त्याच्या हाती येतो आणि वाटेत नऊ जणांना ठार करतो. मग दाग्दा तीन प्रकार वाजवतो: रडवणारा, हसवणारा आणि निजवणारा. शत्रूचे सैन्य झोपी जाते. गोल्त्री, ग्यान्त्री आणि सुआन्त्री ही या तिन्हींची नावे आयरिश संगीतात अजून रूढ आहेत.

आजच्या हार्पवर सहसा नायलॉनच्या किंवा तातीच्या तारा असतात. प्रत्येक तारेच्या माथ्याशी असलेली खिट्टी वळवली की स्वर अर्ध्या सुराने चढतो. आयरिश हार्पवादनाला २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. पितळी तारांचे जुने वादनही १९७० च्या दशकापासून अॅन हेमन यांच्यासारख्यांनी बंटिंगच्या नोंदी आणि जुनी वाद्ये अभ्यासून पुन्हा उभे केले आहे.