शिष्यवृत्तीविना आलेला लाइनबॅकर: क्ले मॅथ्यूज आणि वॉक-ऑनची वाट

२५ एप्रिल २००९ रोजी एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या सोहळ्यात, ग्रीन बे पॅकर्सने ४१, ७३ आणि ८३ या क्रमांकांच्या तीन निवडी न्यू इंग्लंड पेट्रियट्सला देऊन टाकल्या. बदल्यात पाचव्या फेरीतली एक निवड आणि मुख्य म्हणजे पहिल्या फेरीतली २६वी जागा मिळाली. त्या जागेवर पॅकर्सने घेतला क्ले मॅथ्यूज, युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाचा म्हणजे यूएससीचा लाइनबॅकर, बचावात पुढच्या फळीमागे उभा राहणारा गडी. कॉलेजच्या पाच वर्षांत तो सुरुवातीच्या अकरा जणांत नियमित आला तो फक्त शेवटच्या हंगामात. अशा खेळाडूसाठी तीन निवडी का मोजल्या, हे समजायला २००४ पासून सुरुवात करावी लागते.

घराणं फुटबॉलचंच. वडील क्ले मॅथ्यूज ज्युनियर एनएफएलमध्ये १९ हंगाम खेळलेले लाइनबॅकर, काका ब्रूस मॅथ्यूज हॉल ऑफ फेम या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीतले. पण पोराचं अंग उशिरा भरलं. लॉस एंजेलिसजवळच्या अगौरा हायस्कूलमध्ये बचावफळीचे प्रशिक्षक खुद्द वडीलच होते, आणि त्यांनीच त्याला शेवटच्या वर्षापर्यंत पहिल्या अकरात घेतलं नाही. साहजिकच मोठ्या कॉलेजांकडून शिष्यवृत्तीसाठी विचारणा नव्हती. तो यूएससीत गेला तो वॉक-ऑन म्हणून, म्हणजे फी स्वतःची भरायची आणि संघासोबत सराव करायचा.

ही व्यवस्था उभी राहिली ती शिष्यवृत्त्यांवरच्या मर्यादेमुळे. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या गटात ही मर्यादा १९७३मध्ये १०५ होती, १९७८मध्ये ९५ झाली आणि १९९४पर्यंत ८५वर आली. पण सराव नीट चालवायचा तर शंभराच्या वर माणसं लागतात. ती उणीव वॉक-ऑन भरून काढतात, मुख्यतः स्काउट टीममध्ये. शनिवारच्या सामन्यात समोर येणाऱ्या संघाच्या चाली आठवडाभर खेळून दाखवणं हे तिचं काम. प्रशिक्षक पुठ्ठ्याचं कार्ड वर धरतो, त्यावरच्या गोलांतून आणि रेघांतून आपली जागा शोधायची आणि तस्संच धावायचं. नवखी मुलं इथे एक चूक हमखास करतात. तीच चाल तीनदा पाहिली की पुढे काय होणार हे कळतं. मग डोळ्यांत भरण्यासाठी जागा सोडून चेंडूवर झेपावायचं. टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला पाडणं, जोरदार दिसतो, पण समोरच्या मुख्य संघाला चुकीचं चित्र मिळतं आणि प्रशिक्षकाचा विश्वास उडतो.

मुख्य प्रशिक्षक पीट कॅरल यांच्या त्या यूएससी संघात लाइनबॅकरच्या जागेला रांग होती. लोफा टाटुपू होता, कीथ रिव्हर्स होता. दोघेही पुढे एनएफएलमध्ये गेले. पहिल्या वर्षी, सामना हातात आल्यावर, मॅथ्यूजला शेवटची काही मिनिटं मैदानात उतरायची संधी होती. ती त्याने नाकारली, आणि माझ्या मते त्याच्या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत शहाणा निर्णय. खेळाडूला चार हंगाम खेळायला पाच वर्षं मिळतात. एक वर्ष न खेळता काढणं म्हणजे रेडशर्ट. त्या काळी एका चालीपुरता मैदानात पाय ठेवला तरी अख्खा हंगाम खर्ची पडे. चार सामन्यांपर्यंतची सूट २०१८मध्ये आली. दोन मिनिटांच्या हौसेपायी २००८चा हंगाम गेला असता, आणि पुढचं सगळं त्या हंगामावरच उभं आहे.

मधल्या वर्षांत अंग कमवायचं होतं. वजन दरमहा एक-दीड किलोहून वेगाने चढवलं तर स्नायूंऐवजी चरबी वाढते आणि पहिल्या दहा यार्डांतली उसळी मंदावते. शिवाय २०१४पर्यंत वॉक-ऑनला संघाकडून फुकट जेवण देता येत नसे, ज्याला वजनाची सर्वांत जास्त गरज त्यालाच ताट स्वतःच्या पैशाने वाढून घ्यावं लागे. यूएससी महागडं खासगी विद्यापीठ आहे, तेव्हा ही वाट सगळ्यांना परवडणारी नव्हती, हेही मोकळेपणाने सांगायला हवं. मॅथ्यूजला शिष्यवृत्ती मिळाली २००६मध्ये.

ती मिळवून देणारा रस्ता होता स्पेशल टीम्स, म्हणजे किकऑफ (चेंडू लाथाडून खेळ सुरू करणं), पंट (चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना देणं) वगैरेंसाठी उतरणारी तुकडी. २००६, २००७ आणि २००८ अशी लागोपाठ तीन वर्षं संघाच्या सर्वोत्तम स्पेशल टीम्स खेळाडूचा मान त्याला विभागून मिळाला. किकऑफचा चेंडू झेलून परत धावणाऱ्याला अडवायला धावणं वरवर सोपं दिसतं. मैदान ५३ यार्ड रुंद, धावणारे दहा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण पाच यार्डांची पट्टी. पहिले ३०-४० यार्ड पूर्ण वेगात. त्याच्यासाठी तुमची वाट अडवणारा लांबवर भेटला तर बगल देऊन लगेच आपल्या पट्टीत परतायचं. चेंडू जवळ असताना भेटला तर मात्र वळसा घालायचा नाही, त्याला हातांनी रेटत सरळ जायचं. शेवटच्या पाच यार्डांत कंबर खाली, पावलं बारीक. वेग आवरला नाही तर चेंडूवाला एका हुलकावणीत सुटतो, आणि पट्टी सोडली तर नेमका त्याच फटीतून पळतो. २००७मध्ये कॉलेजच्या नियमांनी किकऑफची रेषा ३५वरून ३० यार्डांवर मागे नेली. चेंडू आखूड पडू लागला, परतून धावणं वाढलं आणि या तुकडीचं मोलही.

२००८मध्ये अखेर त्याला नियमित जागा मिळाली. कॅरल यांच्या बचावात ‘एलिफंट’ नावाची एक जागा असे, अर्धा डिफेन्सिव्ह एंड (पुढच्या फळीच्या टोकाचा गडी), अर्धा लाइनबॅकर. फळीच्या टोकाला हात न टेकता उभं राहायचं. धाव बाहेरून आली तर कड राखायची, पास असेल तर तो फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर जायचं. इथली नेहमीची चूक म्हणजे फार खोल धावणं. क्वार्टरबॅक जिथे मागे येऊन थांबतो त्याच्याही मागे गेलात, तर तो एक पाऊल पुढे सरकतो आणि तुम्ही खेळातून बाद. मॅथ्यूजने त्या हंगामात ५६ टॅकल आणि साडेचार सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) केले. आकडे डोळे दिपवणारे नव्हेत. पण सोबत ब्रायन कुशिंग, रे माउआलुगा आणि कालुका माइआवा होते. चौघेही त्याच ड्राफ्टमध्ये निवडले गेले. संघाने रोझ बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात पेन स्टेटला ३८-२४ हरवलं.

ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत मॅथ्यूज सहा फूट तीन इंच, २४० पौंड म्हणजे जवळपास १०९ किलो भरला आणि ४० यार्ड ४.६७ सेकंदांत धावला. याच वर्षी नवे बचाव-प्रशिक्षक डॉम केपर्स पॅकर्समध्ये ३-४ बचाव आणत होते: पुढे तीन धिप्पाड गडी, मागे चार लाइनबॅकर. त्यात बाहेरचा लाइनबॅकर नेमका असाच लागतो, कधी क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा, कधी मागे हटून पास रोखणारा. एलिफंटच्या जागेवर त्याने यातलंच पुष्कळ केलं होतं. पॅकर्सने त्याच्या आकड्यांपेक्षा या कामासाठी किंमत मोजली.

ती लगेच वसूल झाली. ५ ऑक्टोबर २००९ला मिनेसोटाविरुद्ध त्याने मिनेसोटाचा एड्रियन पीटरसन धावत असतानाच त्याच्या हातातून चेंडू हिसकावला आणि ४२ यार्ड पळत टचडाउन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेला. पहिल्या हंगामात १० सॅक आणि प्रो बोल या लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड. पुढच्या हंगामाअखेर, फेब्रुवारी २०११च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, चौथ्या सत्राच्या पहिल्याच चालीवर त्याने सहकारी रायन पिकेटच्या साथीने पिट्सबर्गच्या रशार्ड मेंडेनहॉलला असा ठोकला की चेंडू सुटला. पॅकर्सनी पिट्सबर्गला ३१-२५ हरवलं.

आता नियमच पालटले आहेत. ६ जून २०२५ला कॉलेज खेळाडूंच्या दाव्यात न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांवर शिष्यवृत्त्यांची मर्यादा उरली नाही, पण फुटबॉल संघ १०५ जणांचाच ठेवावा लागतो. आधीपासून संघात असलेल्यांना काही सूट मिळाली. नव्याने येणाऱ्या, अजून अंग न भरलेल्या मुलाला मात्र पहिल्याच वर्षी त्या १०५ जणांत जागा मिळवावी लागते.