परखड की भडक? अमेरिकी स्पोर्ट्स रेडिओबद्दलची जुनी गल्लत

अमेरिकेतल्या स्पोर्ट्स टॉक रेडिओवरच्या एखाद्या गाजलेल्या होस्टचं नाव निघालं की वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, "मनात येतं ते तोंडावर बोलतो, म्हणून लोकांना झोंबतं." दुसरी म्हणते, "सगळं रेटिंगसाठी चाललंय." यातलं एक खरं असेल तर दुसरं खोटं, असं दोघंही धरून चालतात. हे गृहीतकच चुकीचं आहे आणि तेच तेच ऐकून मला वीट आलाय.

रेटिंगची शर्यत काय असते हे टीव्ही पाहणाऱ्याला समजावून सांगायला नको. रेडिओपुरतं एवढंच, की पूर्वी श्रोते आपण काय ऐकलं ते कागदी डायरीत लिहायचे. मोठ्या शहरांत नंतर अंगावर बाळगायचा मीटर आला, जो प्रक्षेपणात दडवलेला संकेत आपोआप पकडतो. पंधरा मिनिटांच्या तुकड्यातली पाच मिनिटं (२०२५ पासून तीनच) ऐकलीत की तो तुकडा स्टेशनच्या खात्यात. तुम्ही मान डोलावत ऐकताय की दातओठ खात, हे त्याला कळत नाही. न्यूयॉर्कमध्ये १ जुलै १९८७ ला सुरू झालेल्या डब्ल्यूएफएएनपासून दिवसरात्र खेळांवरच बोलणाऱ्या स्टेशनांचा साचा रुजला, आणि ही सगळी जाहिरातींवर चालणारी दुकानं आहेत. श्रोते सगळ्यांनाच हवेत, शांत आणि अभ्यासू होस्टलाही. त्यामुळे "रेटिंगसाठी बोलतो" म्हटल्याने कोणाबद्दलच काही कळत नाही.

आता खरी गल्लत. लोक प्रामाणिकपणालाच जाण समजतात. एखादा माणूस अगदी मनापासून पोकळ बोलू शकतो. शिवाय त्याच्या मनात काय आहे हे आपल्याला दिसणार कसं? म्हणून माणूस सोडा, मत तपासा. त्या मताला चुकायला जागा आहे का, एवढंच बघा. अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक घ्या, म्हणजे चेंडू फेकून संघाचा हल्ला चालवणारा खेळाडू. "हा क्वार्टरबॅक मोठ्या सामन्यात कच खातो" या वाक्याला ती जागाच नाही. हरला तर बघा, मी म्हणालो होतो. जिंकला तर बचावफळीने वाचवलं. आणि सामना "मोठा" होता की नाही, हे निकालानंतर ठरणार. "तिसऱ्या डाउनला दबाव आला की हा डावीकडे बघतच नाही" हे मत मात्र (डाउन म्हणजे पुढे सरकायच्या चार संधींपैकी एक) पुढच्याच रविवारी खोटं ठरू शकतं. पहिलं भडक, दुसरं परखड. दोन्ही एकाच पट्टीत ओरडून सांगता येतात.

एकाच माणसाकडून, एकाच दिवशी दोन्ही येऊ शकतात. १९९९ च्या ड्राफ्टला, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमाला, फिलाडेल्फियाच्या डब्ल्यूआयपी स्टेशनचे होस्ट अँजेलो कटाल्डी चाहत्यांचा जथा घेऊन गेले. शहराच्या ईगल्स संघाने रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) रिकी विल्यम्सला घ्यावं, ही मागणी. ईगल्सनी दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक डॉनोव्हन मॅकनॅबला घेतलं आणि त्या जथ्याने त्याची हुर्यो उडवली. "विल्यम्सला घ्या" हे खरंखुरं मत होतं. ते तपासलं गेलं आणि साफ चुकलं: मॅकनॅबने ईगल्सना पाच वेळा कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यापर्यंत आणि एकदा सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. तरी चुकलेलं मतसुद्धा परखड असू शकतं, हे मी ठामपणे म्हणेन. हुर्यो मात्र निव्वळ भडक. तिने त्या मतात कणभरही भर घातली नाही आणि एका तरुण खेळाडूच्या आयुष्यातला मोठा क्षण नासवला.

होस्ट जिम रोमचंही तेच. क्वार्टरबॅक जिम एव्हरेट मार बसण्याआधीच खाली बसतो, हा आक्षेप सामन्याचं चित्रीकरण लावून तपासता येतो. पण १९९४ मध्ये टीव्हीवर समोर बसवून त्याला पुन्हा पुन्हा "ख्रिस" म्हणायचं, म्हणजे महिला टेनिसपटू ख्रिस एव्हर्टच्या नावाने डिवचायचं, यात तपासण्यासारखं काय आहे? एव्हरेटने टेबल उलथवून रोमला खाली पाडलं. ती क्लिप अजून फिरते आणि एव्हरेटच्या खेळाबद्दल एक अक्षर सांगत नाही.

आवाज चढा आहे का, फोन करणाऱ्याला मध्येच तोडतो का, टोपणनावं ठेवतो का, या फरकांना मी किंमत देत नाही. सगळ्यात चीड येते ती "सगळ्यांच्या विरोधात बोलतो म्हणजे धाडसी" या कौतुकाची. ज्या धंद्यात चिडलेला श्रोताही मोजणीपुरती मिनिटं देऊन जातो, तिथे विरोधात बोलायला कसलं आलंय धाडस? धाडस लागतं ते आपलं चुकलेलं भाकीत पुन्हा उघडायला. शुक्रवारी "यांच्याकडे मैदानाच्या मधोमध पास अडवणारं कोणी नाही, तिथूनच हरतील" असं सांगणारा, आणि रविवारी तो संघ जिंकला तर सोमवारी पहिल्याच तासात आपणहून तो विषय काढणारा होस्ट मला हवा, मग तो कितीही आरडाओरडा करो. सोमवारी तोच तास नवा बळीचा बकरा शोधण्यात घालवणाऱ्याचं मी पुढच्या शुक्रवारी ऐकत नाही.