कार्बनच्या फोर्कला ब्रेक लावताना

जुन्या स्टीलच्या रोड सायकलचे कॅलिपर ब्रेक (चाकाच्या रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे) काढून कार्बनच्या फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या चिमट्यावर, चढवायला गेलं की पहिल्यांदा अडतं ते नटापाशी. कॅलिपरच्या मागून निघणारा 6 मिलिमीटरचा बोल्ट फोर्कच्या माथ्यातून आरपार जातो आणि मागून त्यावर नळीसारखा लांबुळका नट बसतो. तो 5 मिलिमीटरच्या ॲलन कीने (षटकोनी पान्याने) आवळायचा. स्टीलच्या फोर्कचा माथा बारीक असतो, कार्बनचा बराच जाड. त्यामुळे जुना नट बोल्टपर्यंत पोचतच नाही, किंवा जेमतेम दोन आटे पकडतो. हे दोन आटे जास्त धोक्याचे. हाताला सगळं घट्ट लागतं, ब्रेकही लागतो, आणि उतारावर जोरात दाबला की आटे सोलून कॅलिपर निसटतो.

सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीचे असे नट 10, 12.5, 18, 27 आणि 32 मिलिमीटर लांबीत मिळतात. कुठला घ्यायचा हे ठरवायची सोपी युक्ती म्हणजे फेरे मोजणं. या बोल्टच्या आट्यांचं अंतर एक मिलिमीटर असतं, म्हणजे नटाचा एक फेरा म्हणजे एक मिलिमीटर पकड. पकड निदान बोल्टच्या जाडीइतकी हवी, म्हणजे सहा फेरे. आठ झाले तर उत्तम. गरजेपेक्षा लांब नटही नको. तो आतच कुठेतरी टेकतो, पाना थांबतो आणि कॅलिपर ढिलाच राहतो.

‘मग नट आत सरकावा म्हणून भोकच थोडं मोठं करू या’ हा सल्ला कुणीतरी देतोच. स्टीलला तो चालून जातो. कार्बनला ड्रिल लावायचं नाही. कार्बनचे तंतू इपॉक्सी राळेत थरावर थर बसवलेले असतात आणि ताकद तंतूंच्या दिशेने असते. बांबूसारखंच आहे हे: लांबीच्या दिशेने ओढा, दाद देत नाही, आडवा चिमटला की चिरतो. भोक वाढवलं की भार वाहणारे तंतूच तुटतात. शिवाय ती बारीक भुकटी फुप्फुसात जाणं चांगलं नाही.

आवळण्याचं गणितही पाहण्यासारखं आहे. या नटासाठी शिमानो 8 ते 10 न्यूटन-मीटर टॉर्क (पिळण्याचा जोर) सांगते. बोटभर पान्यावर हे काहीच वाटत नाही, पण आट्यांच्या उतरणीमुळे त्यातून सुमारे 700 किलो वजनाइतका दाब तयार होतो. स्टील जास्त दाबलं तर चेपतं आणि तसं दिसतं. कार्बनचे थर आतल्या आत सुटतात, वरचा रंग मात्र जसाच्या तसा. म्हणून ‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्या मिस्त्रीपेक्षा मी टॉर्क रेंचवर, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्यावर, विश्वास ठेवतो.

डिस्क ब्रेकची हौस असेल तर फोर्कच बदला. समजा सायकल आणि स्वार मिळून 85 किलो, आणि ब्रेक असा लागला की पुढच्या टायरवर 42 किलो वजनाइतकी ओढ आली. रिम जवळजवळ टायरइतक्याच त्रिज्येवर असते, त्यामुळे तिथे साधारण 46 किलोची ओढ पुरते. 160 मिलिमीटरच्या डिस्कवर पॅड मध्यापासून जेमतेम 75 मिलिमीटरवर पकडतात. तेच काम करायला तिथे 190 किलोच्या आसपास लागतात, आणि हा सगळा भार फोर्कच्या डाव्या पायाच्या खालच्या टोकाजवळ येतो. रिम ब्रेकसाठी बनवलेल्या फोर्कमध्ये तो भाग बारीक असतो, कारण तिथे ब्रेकचा एवढा भार येईल असं कुणी धरलेलंच नसतं. बाहेरून पट्टा आवळून कॅलिपर बसवणारे जुगाड याच कारणाने टाळावेत. डिस्कसाठी घडवलेल्या फोर्कमध्ये डावा पाय मुद्दाम दणकट करतात. शिवाय चाकाच्या मागच्या बाजूला डिस्क वर धावत असते, ती कॅलिपरला वर ओढते आणि तितक्याच जोराने चाकाचा दांडा खाली ढकलला जातो. म्हणूनच आता रोड सायकलींत 12 मिलिमीटरचा आरपार दांडा सर्रास दिसतो.

ब्रेक बसवून झाला की पुढचा लिव्हर दाबून धरा, सायकल पुढेमागे हलवा आणि बोट कॅलिपर व फोर्कच्या सांध्यावर ठेवा. तिथे हालचाल जाणवली तर नट खोलून फेरे पुन्हा मोजा. हेडसेट (फोर्क ज्यावर फिरतो ती वरची बेअरिंग) ढिला असला तरी असाच खटका येतो, पण तो बोटाला सांध्याच्या वर लागतो.