स्पोर्ट्स मोटारसायकलीतील फेरबदल : ब्रेक, क्लच आणि इंधनपुरवठा

स्पोर्ट्स मोटारसायकलीचे मूळचे ब्रेक, क्लच आणि इंधनपुरवठ्याचे भाग काढून त्यांच्या जागी वेगळ्या मापाचे, वेगळ्या द्रव्याचे किंवा वेगळ्या रचनेचे भाग बसवणे आणि नंतर ते परस्परांशी जुळवून घेणे, या कामाला फेरबदल व रोजच्या बोलण्यात ‘गाडी मॉडिफाय करणे’ असे म्हणतात. या व्याख्येतील उत्तरार्ध विशेष महत्त्वाचा आहे. भाग बसवणे अर्ध्या दिवसात उरकते; परंतु जुळवणी साधली नाही, तर महागडा भागही मूळच्या साध्या भागापेक्षा वाईट काम देतो. रंग, स्टिकर, दिवे असे शोभेचे बदल या नोंदीत विचारात घेतलेले नाहीत.

पार्श्वभूमी : रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या मोटारसायकलीच शर्यतीत उतरवण्याच्या प्रथेतून हे तंत्र वाढले. १९६९ साली आलेल्या होंडा सीबी ७५० या गाडीने पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेक मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात आणला आणि १९८८ पासून जागतिक सुपरबाईक स्पर्धेमुळे दुकानातल्या गाडीचे शर्यतीच्या गाडीत रूपांतर करण्याच्या कलेला अधिकृत व्यासपीठ मिळाले. भारतात या हौसेची सुरुवात गरजेतून झाली. १९८३ साली एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने काढलेल्या राजदूत ३५० या गाडीच्या मूळ जपानी आवृत्तीला पुढे डिस्क होती, पण भारतीय आवृत्तीला ड्रम ब्रेक दिला गेला. इंजिनाच्या मानाने तो ब्रेक तोकडा पडे; त्यामुळे दुसऱ्या गाड्यांचे डिस्क, फोर्क (पुढचे चाक धरणारे दांडे) आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जमवून ते तिच्यावर चढवणे हा अनेक मालकांचा पहिला उद्योग होता. पुढे २००८ मध्ये द्रवशीतित, इंधन-इंजेक्शनची यामाहा आर१५ आली आणि २०१३ मध्ये पुण्याजवळच्या चाकण येथे बजाजच्या कारखान्यात केटीएम ३९० ड्यूकचे उत्पादन सुरू झाले. तेव्हापासून मध्यमवर्गीय तरुणाच्या आवाक्यात खरी स्पोर्ट्स बाईक आली आणि तिच्याबरोबर सुट्या भागांची बाजारपेठही वाढली. या ड्यूकला लावलेले ‘बायब्रे’ हे ब्रेक म्हणजे इटलीतील ब्रेम्बो या कंपनीने लहान गाड्यांसाठी काढलेली नाममुद्रा असून त्यांचे उत्पादनही पुणे परिसरातच होते.

ब्रेक : ब्रेक बदलल्याने गाडी कमी अंतरात थांबते, हा समज अर्धाच खरा आहे. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरसह सुमारे गुरुत्वत्वरणाइतके मंदन साधले की आखूड चाकांतराची स्पोर्ट्स बाईक मागचे चाक उचलू लागते. त्यापलीकडे कोणताही कॅलिपर काही देऊ शकत नाही आणि बहुतेक नव्या गाड्यांचे मूळ ब्रेक या मर्यादेपर्यंत एकदा तरी पोचतातच. प्रश्न असतो तो दहाव्यांदा पोचण्याचा, आणि तिथवर जाताना बोटांना नेमका अंदाज येण्याचा. चालकासह २७० किलोग्रॅमची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबते तेव्हा एक लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसने तापवण्याइतकी ऊर्जा डिस्क आणि पॅडमध्ये उतरते. वेग दुप्पट असेल तर ही ऊर्जा चौपट होते. चांगल्या ब्रेकची परीक्षा ही उष्णता झेलण्यात आणि बाहेर टाकण्यात असते.

बदलाची सुरुवात सहसा सर्वांत स्वस्त भागापासून करावी लागते आणि तो म्हणजे ब्रेक ऑईल. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑईलचा किमान उत्कलनबिंदू २३० अंश असतो, पण हे ऑईल हवेतील ओलावा शोषते आणि मुरलेल्या अवस्थेत ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. कोकणात किंवा घाटमाथ्यावर दोन पावसाळे काढलेल्या गाडीचे ऑईल काळपट होते. ते उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि लिव्हर थेट मुठीला टेकते. ताम्हिणी किंवा आंबोलीसारखा लांब उतार उतरताना हा अनुभव येऊ नये म्हणून वर्षा-दोन वर्षांनी ऑईल बदलून हवा काढणे पुरते. नावातील साधर्म्यामुळे फसवणारे डॉट ५ हे सिलिकोनजन्य ऑईल मात्र वरीलपैकी कशातही मिसळायचे नसते.

त्यानंतर पॅडचा क्रम लागतो. सेंद्रिय पॅड मऊ पकडतात आणि डिस्कची झीज कमी करतात. धातूची भुकटी दाबून व तापवून केलेले सिंटर्ड पॅड जास्त उष्णता सोसतात आणि पावसातही लवकर पकड घेतात, म्हणून आपल्याकडे त्यांचा उपयोग शर्यतीपुरता मर्यादित नाही. पॅडच्या पाठीवर छापलेली इंग्रजी अक्षरांची जोडी घर्षणांक सांगते. त्यातले पहिले अक्षर सामान्य तापमानाचे आणि दुसरे तापलेल्या अवस्थेतले असते. ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५ आणि ‘एच’ म्हणजे त्याहून अधिक. नवे पॅड बसवल्यावर पहिल्या काही किलोमीटरांत हलके ब्रेक मारत त्यांचा थर डिस्कवर बसू द्यावा लागतो. ही पायरी गाळल्याने होणारी थरथर पुष्कळदा ‘डिस्क वाकडी आहे’ म्हणून निदान केली जाते आणि चांगली डिस्क विनाकारण बदलली जाते.

रबरी नळीच्या जागी टेफ्लॉनच्या आत-नळीवर स्टीलच्या तारांचे विणकाम असलेली नळी लावली की दाब वाढताना नळी फुगत नाही आणि लिव्हरचा स्पंजीपणा जातो. खर्चाच्या मानाने सर्वांत जाणवणारा बदल हाच, असे बहुतेक अनुभवी मेकॅनिक सांगतात आणि त्यात तथ्य आहे.

मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबल्यावर आतल्या दट्ट्याने ऑईलवर दाब देणारा भाग) हा मात्र हौशी लोकांचा आवडता आणि सर्वाधिक चुकणारा बदल होय. पास्कलच्या नियमानुसार दट्ट्याचे क्षेत्रफळ जितके लहान, तितका त्याच जोरात दाब अधिक, पण लिव्हरचा प्रवासही तितकाच लांब. १६ मिलिमीटरच्या दट्ट्याऐवजी १९ मिलिमीटरचा बसवला, तर क्षेत्रफळ ४१ टक्क्यांनी वाढते. म्हणजे तेवढाच दाब मिळवायला बोटांना ४१ टक्के अधिक जोर लावावा लागतो. १९ मिलिमीटरचे रेडियल मास्टर सिलिंडर पुढे दोन डिस्क आणि आठ दट्टे असलेल्या लिटरभर क्षमतेच्या गाड्यांसाठी योजलेले असते. तेच एका डिस्कच्या ३९० ड्यूकवर चढवले की लिव्हर लाकडासारखी कडक लागते आणि ब्रेक उलट कमजोर झाल्यासारखा वाटतो. डिस्कचा व्यास वाढवण्याचा लाभ त्या मानाने सरळ हिशेबाचा आहे : ३०० ऐवजी ३२० मिलिमीटरची डिस्क लावल्यास त्याच दाबात सुमारे सात टक्के अधिक परिबल (टॉर्क) मिळते.

१ एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या १२५ घन सेंटिमीटरवरील दुचाकींना एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक आहे. त्यामुळे डिस्क किंवा चाक बदलताना वेगसंवेदकाची खाचांची चकती मूळ मापाचीच राहील हे पाहावे लागते. एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये अडकलेली हवा साध्या पद्धतीने नेहमी निघत नाही. ती काढायला कित्येक गाड्यांवर निदान-संगणक जोडावा लागतो, आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये तो असतोच असे नाही.

क्लच : स्पोर्ट्स बाईकचा क्लच बहुधा तेलात बुडालेला, अनेक प्लेटांचा असतो. घर्षण-प्लेटा आणि स्टील प्लेटा एकाआड एक रचून स्प्रिंगांच्या दाबाने त्या घट्ट धरलेल्या असतात. क्लच किती परिबल वाहून नेईल हे घर्षणांक, घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, स्प्रिंगांचा जोर आणि प्लेटांची सरासरी त्रिज्या यांच्या गुणाकारावर ठरते. त्यातला सहज बदलता येण्याजोगा घटक स्प्रिंग असल्याने ‘कडक स्प्रिंग टाका’ हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. इंजिनाची ताकद खरोखर वाढलेली असेल तरच त्याला अर्थ आहे. अन्यथा शहरातील रहदारीत डाव्या हाताला आणि क्लच-केबलला फुकटची शिक्षा होते. क्लच घसरू लागला की स्प्रिंगांना दोष देण्यापूर्वी तेल पाहावे. मोटारीसाठी बनवलेल्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ओल्या क्लचला जपानी जासो मानकातील एमए किंवा एमए२ दर्जाचे तेल लागते. नव्या घर्षण-प्लेटा बसवण्यापूर्वी त्याच तेलात भिजत ठेवतात आणि स्टील प्लेटा सपाट काचेवर ठेवून, फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) सरकवून त्यांचा बाक तपासतात.

या विभागातील खरी सुधारणा म्हणजे स्लिपर क्लच. चालकाने वेगात असताना एकदम दोन गिअर खाली टाकले, तर मागचे चाक इंजिनाला जबरदस्तीने फिरवू पाहते आणि त्या ओढीत उड्या मारू लागते. स्लिपर क्लचमध्ये आतील हबवर उताराच्या खाचा असतात; परिबल उलट दिशेने आले की हब त्या उतारावर चढतो, प्रेशर प्लेट किंचित उचलली जाते आणि क्लच मोजका घसरतो. असिस्ट रचनेत याच्या उलट उतार असतो. तो पुढे जाताना प्लेटा अधिक आवळतो, म्हणून हलक्या स्प्रिंगा पुरतात आणि लिव्हर मऊ होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी होंडाने आपल्या व्ही-फोर (‘व्ही’ आकारात चार सिलिंडर असलेल्या) गाड्यांत स्लिपर क्लचच्या तत्त्वाचे एक रूप आणले होते. आता कावासाकी निंजा ३०० किंवा आर१५ च्या तिसऱ्या आवृत्तीसारख्या लहान गाड्यांतही ही रचना मूळचीच मिळते, त्यामुळे स्लिपर क्लच बाजारातून आणून बसवण्याची गरज जुन्या गाड्यांपुरतीच उरली आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एंड्युरन्स टेक्नॉलॉजीज या समूहाने २०२० मध्ये इटलीतील ॲडलर ही क्लच बनवणारी कंपनी घेतली, हेही या संदर्भात नोंदवण्यासारखे आहे.

ड्रॅग शर्यतींत क्लचला वेगळाच ताण पडतो. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत. तेथे इंजिन चढ्या फेऱ्यांवर ठेवून हाफ क्लचवर गाडी सोडतात. त्या दोन-तीन सेकंदांत स्टील प्लेटा निळ्या पडतात आणि दिवसाअखेर संपूर्ण संच बदलणे हा त्या खेळाचा नेहमीचा खर्च समजला जातो.

इंधनपुरवठा : इंजिन जितकी हवा घेईल तितकेच इंधन उपयोगाचे असते. म्हणून इंधनपुरवठ्यातील बदल एअर फिल्टर आणि एक्झॉस्ट यांच्या बदलानंतरचा आहे, आधीचा नाही. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग इंधन लागते, तर जास्तीत जास्त ताकद साधारण १२.५ ते १३ च्या दरम्यान मिळते. कार्बोरेटरच्या गाडीत हे प्रमाण पायलट जेट (जेट म्हणजे इंधन मोजून सोडणारे बारीक छिद्र), सुई आणि मेन जेट यांनी अनुक्रमे कमी, मध्यम आणि पूर्ण थ्रॉटलला ठरते. सुईची क्लिप एक खाच वर-खाली करून आणि स्पार्क प्लगचा रंग पाहून अंदाज बांधणारे जुने मेकॅनिक अजून आहेत, आणि त्यांचा अंदाज पुष्कळदा बरोबर येतो.

इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहील हे ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) ठरवतो. एकसारख्या वेगात तो लॅम्बडा संवेदकाच्या (एक्झॉस्टमधील प्राणवायू मोजणाऱ्या भागाच्या) संकेतावर स्वतःला दुरुस्त करत राहतो, पण थ्रॉटल जोरात उघडला की आधी भरून ठेवलेल्या कोष्टकावर विसंबतो. फिल्टर आणि एक्झॉस्ट मोकळे केल्यावर मिश्रण लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) होते ते मुख्यतः या दुसऱ्या अवस्थेत. उपाय दोन : मूळ ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मध्ये बसून संकेत बदलणारा पिगीबॅक संच, किंवा ईसीयूमधील कोष्टकच नव्याने लिहिणे. पहिल्या प्रकारात अमेरिकेतील डायनोजेटचा पॉवर कमांडर आणि भारतीय बनावटीचा पॉवरट्रॉनिक प्रचलित आहेत. कोणताही संच वापरला तरी तयार कोष्टक भरून भागत नाही. गाडी डायनोवर (जागच्या जागी चाक फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवून हवा-इंधन प्रमाण मोजावेच लागते. मोठे इंजेक्टर किंवा अधिक दाबाचा इंधनपंप तर मूळ इंजेक्टर जवळजवळ सतत उघडा राहू लागल्यावरच लागतो, आणि टर्बो न बसवलेल्या किंवा सिलिंडरचे बोअर (आतला व्यास) न वाढवलेल्या रस्त्यावरच्या गाडीत ती वेळ क्वचितच येते.

इथेनॉलमुळे हा हिशेब अलीकडे बदलला आहे. शुद्ध इथेनॉलला वजनाने नऊ भाग हवाच पुरते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या ई२० पेट्रोलचे आदर्श प्रमाण सुमारे १३.५ वर येते. इंजेक्शनची गाडी संवेदकाच्या आधाराने त्यातले बरेच सांभाळून घेते. ठरावीक जेटची जुनी गाडी मात्र आपोआप लीन चालू लागते आणि तिच्या इंधननळ्या व कार्बोरेटरचे रबरी भाग इथेनॉलला टिकणारे नसतील तर फुगतात किंवा तडकतात. राजदूत ३५० किंवा जुन्या पल्सरसारख्या गाड्या जपणाऱ्यांसाठी ‘इंधनपुरवठ्यातील सुधारणा’ म्हणजे सध्या बहुतांशी हेच काम आहे.

कायदा : मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे तत्त्व स्पष्टपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अनधिकृत बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रत्यक्षात वाहतूक पोलिसांच्या कारवाईचा रोख आवाज करणाऱ्या सायलेन्सरवर असतो; जप्त केलेल्या सायलेन्सरवरून रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाची आहेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे हा प्रदूषण-नियमांचा भंग आहे, तर त्याच प्रकारचे व मापाचे दर्जेदार पॅड किंवा क्लच-प्लेटा बदलणे सामान्य देखभालीत मोडते. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक गाडी तपासतो तेव्हा न कळवलेले बदल दाव्याच्या आड येऊ शकतात.

या कारणांमुळे काढलेले मूळ भाग तेल पुसून, कागदात गुंडाळून जपण्याची पद्धत हौशी मालकांत रुजलेली आहे. गाडी विकायची वेळ आली की ती पुन्हा मूळ रूपात आणतात आणि बसवलेले भाग वेगळे विकतात, कारण गाडीसोबत दिल्यास त्यांची किंमत सहसा वसूल होत नाही.